तीन मिली ॲसिड आणि पोह्यांतलं लोह

माझी भाची मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती. नववी संपून दहावीत गेलेली. सकाळी पोहे खाताखाता तिने विचारलं, "मावशी, पोह्यांत तांदळापेक्षा जास्त लोह असतं म्हणतात. ते कुणी मोजून बघितलंय का?" मी सोळा वर्षं एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या, लॅबमध्ये काढली आहेत. असा प्रश्न कानावर पडला की माझा हात आपोआप वहीकडे जातो. म्हटलं, "आपणच बघू या की."

प्रयोग साधा आहे. पोहे चिनी मातीच्या मुशीत जाळून त्यांची राख करायची. स्टीलच्या वाटीत नाही, कारण वाटीचंच लोखंड त्यात उतरेल. राख विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची, गाळायची आणि गाळलेल्या द्रावणात अमोनियम थायोसायनेटचे दोन-चार थेंब टाकायचे. लोह असेल तर द्रावण रक्तासारखं लाल होतं. लोह जितकं जास्त तितका रंग गडद. तांदळाची राखही तशीच करून शेजारी ठेवली की तुलना डोळ्यांनीच होते. आम्ल किती लागतं? विरल करून वीस-पंचवीस मिली. संहत आम्ल म्हणाल तर तीन-चार मिली, चहाचा चमचाही भरत नाही.

ते तीन-चार मिली चांगलं आम्ल मिळवायला आम्हाला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत जे दिसलं आणि भाचीला जे समजावून सांगावं लागलं, तेच इथे लिहिते आहे. रसायनं विकत घेण्यावर निर्बंध कशासाठी आहेत, ते नेमके काय सांगतात, आणि घरच्या टेबलावर रसायनशास्त्र करू पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यातून काय येतं, याबद्दल आपल्याकडे फारसं बोललंच जात नाही.

आधी दुकान. शहरात प्रयोगशाळेचं सामान विकणारी जुनी दुकानं आहेत, तिथे गेलो. तपासणीच्या प्रयोगांना शुद्ध रसायन लागतं, त्याला एआर ग्रेड म्हणतात. काउंटरवर म्हटलं, "हायड्रोक्लोरिक हवंय, एआर ग्रेड, पाचशे मिली."

"लेटरहेड आणलंय का ताई? कंपनीचं, कॉलेजचं? जीएसटी नंबर?"

"घरी प्रयोगाला हवंय. आधार कार्ड आहे माझं. रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहून घ्या, कशासाठी तेही लिहा."

त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं. खरोखरच होतं, लाल कापडी बांधणीचं, नीट रकाने आखलेलं. "यात सगळ्या संस्थाच आहेत बघा. घरच्या माणसाला मी देत नाही. उद्या काही झालं तर पोलीस आधी माझ्या दारात येणार." भाचीकडे बघून ते जरा मवाळ झाले आणि थायोसायनेटची छोटी बाटली मात्र दिली.

तिथून दोनशे पावलांवर एक हार्डवेअरचं दुकान. तिथे संडास-बाथरूम साफ करायचं पिवळसर ॲसिड प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवलेलं होतं. बाटलीवर लेबल नाही. किती टक्क्यांचं, कुणी बनवलं, काही नाही. मी एक लिटर घेतलं. कुणी काही विचारलं नाही.

हे असं का आहे ते समजायला २०१३ मध्ये जावं लागतं.

दिल्लीच्या लक्ष्मी अगरवाल यांच्यावर २००५ मध्ये ॲसिड फेकलं गेलं, तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. २००६ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ती वर्षानुवर्षं चालली. २ मे २०१३ ला मुंबईत वांद्रे टर्मिनसवर, नौदलाच्या रुग्णालयात नर्स म्हणून रुजू व्हायला दिल्लीहून आलेल्या एका तरुणीवर गाडीतून उतरताच ॲसिड फेकलं गेलं. महिनाभर झुंजून ती गेली. मुंबईत त्या दिवसांत राहणाऱ्या बायकांच्या मनातून ती बातमी अजून गेलेली नाही, माझ्याही नाही. म्हणून ॲसिडविक्रीवर बंधनंच नकोत असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पाच मिली आम्ल चुकून मनगटावर सांडलं तेव्हा काय होतं ते मी लॅबमध्ये पाहिलेलं आहे, आणि तिथे शॉवर चार पावलांवर होता.

१८ जुलै २०१३ ला न्यायालयाने आदेश दिला. ॲसिडची खुली विक्री बंद. विकायचं असेल तर दुकानदाराने रजिस्टर ठेवायचं, त्यात घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती घेतलं ते लिहायचं. घेणाऱ्याने सरकारी फोटो ओळखपत्र दाखवायचं आणि कशासाठी हवं ते सांगायचं. अठरा वर्षांखालच्या कुणालाही विकायचं नाही. दुकानातला साठा पंधरा दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा, न कळवलेला साठा जप्त होऊ शकतो आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंडही. शाळा-कॉलेजं, संशोधन संस्था, रुग्णालयं यांनीही वापराचं रजिस्टर ठेवायचं, एक जबाबदार माणूस नेमायचा आणि लॅबमधून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची. ज्या राज्यांनी १९१९ च्या विष कायद्याखाली अजून नियम केलेले नाहीत त्यांनी ते करावेत, असंही सांगितलं. त्याच वर्षी दंडसंहितेत ॲसिड हल्ल्यासाठी वेगळी कलमं आली. आता भारतीय न्याय संहितेत ते १२४ वं कलम आहे.

आदेश पुन्हा एकदा सावकाश वाचा. घरी प्रयोग करणाऱ्या सज्ञान माणसाला ॲसिड विकू नका, असं त्यात कुठेही नाही. नाव लिहा, ओळख बघा, कारण विचारा, एवढंच आहे. म्हणजे दार बंद केलेलं नाही, दारावर वही ठेवलेली आहे.

मग दार बंद का वाटतं? कारण वहीत माझं नाव लिहिण्यात दुकानदाराचा फायदा पन्नास रुपयांचा आणि काळजी वर्षभराची. कॉलेज दरवर्षी चाळीस बाटल्या घेतं, कंपनी त्याहून जास्त. मी एकच घेणार. माझं कारण खरं आहे की खोटं, हे ठरवायचं त्याच्याकडे काही साधन नाही. 'पोह्यांतलं लोह बघायचंय' हे वाक्य काउंटरवर संशयास्पदच वाटतं. त्यामुळे त्याने स्वतःपुरता नियम केला आहे, संस्थेलाच द्यायचं. मला त्याचा राग येत नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

पण दुसऱ्या दुकानातली ती बिनलेबलची बाटली मात्र मनाला लागते. ज्या बंधनाचा हेतू माणसांच्या चेहऱ्यांचं रक्षण हा आहे, ते तिथे पोहोचलेलंच नाही, आणि जिथे रजिस्टर नीट ठेवलं जातं तिथे प्रामाणिक गिऱ्हाईक परत जातं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत द्वारका भागात सतरा वर्षांच्या मुलीवर हल्ला झाला, तेव्हा आरोपीने ॲसिड ऑनलाइन मागवलं होतं असं पोलिसांनी सांगितलं. आदेश निघून तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

आता ते पिवळं ॲसिड. रंग पाहूनच मला कळलं होतं की आमचा प्रयोग त्याने होणार नाही, पण भाचीला मी ते सांगितलं नाही. बाल्कनीत, हातमोजे आणि गॉगल घालून, पाण्यात थेंबाथेंबाने ॲसिड घालून आम्ही ते विरल केलं. नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हे तिने तीनदा म्हणून दाखवलं. तिने पोह्यांची राख विरघळवली, थेंब टाकले. लालभडक. तिने टाळ्या वाजवल्या. तांदळाची राख. तीही लालभडक. तिचा चेहरा जरा पडला.

म्हटलं, "आता राख न घालता नुसतं ॲसिड घे आणि त्यात टाक."

तेही लाल.

ती बराच वेळ त्या तीन परीक्षानळ्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे लोह ॲसिडमध्येच आहे." तसंच होतं. कारखान्यात वापरायचं स्वस्त हायड्रोक्लोरिक आम्ल पिवळं दिसतं ते बहुतेक वेळा त्यात उतरलेल्या लोहामुळेच. लोखंडाचा अंश शोधायला निघालेल्या माणसाच्या हातात ते देणं म्हणजे साखर मोजायला निघालेल्याला गोड पाण्याने भांडं धुवायला सांगणं. राख न घालता केलेल्या त्या तिसऱ्या नळीला लॅबमध्ये 'ब्लँक' म्हणतात. मला विचाराल तर रसायनशास्त्रात मुलांना सगळ्यात आधी शिकवायची गोष्ट हीच.

छंद म्हणून रसायनशास्त्र करणाऱ्याचं खरं नुकसान कशात होतं ते या बाटलीत दिसतं. त्याला स्फोटक काही बनवायचं नसतं. त्याला शुद्ध, नाव-गाव माहीत असलेली, थोडीशी वस्तू हवी असते. एआर ग्रेडच्या बाटलीवर छापलेलं असतं की आत किती टक्के आम्ल आहे, लोह जास्तीत जास्त किती, शिसं किती, सल्फेट किती. धोक्याची चिन्हं असतात, अंगावर सांडलं तर काय करायचं ते असतं. ती बाटली मिळाली नाही की माणूस छंद सोडत नाही, तो पर्यायाकडे वळतो. संडास साफ करायचं द्रव घेतो, त्यात रंग असतो, साबण असतो, दाट करणारे पदार्थ असतात. नळ्या मोकळ्या करायला मिळणारी कॉस्टिक सोड्याची पुडी घेतो, ती हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून बसलेली असते, त्यामुळे दहा ग्रॅम तोललं तरी त्यात कॉस्टिक किती आहे कुणास ठाऊक. व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल किती आहे हे काढायचा साधा टायट्रेशनचा, म्हणजे सोड्याचं द्रावण थेंबाथेंबाने मोजून घालण्याचा प्रयोग, पण अशा सोड्याने केला तर उत्तराला काही अर्थ राहत नाही. आणि काहीजण याहून वाईट करतात. पातळ आम्ल घरीच तापवून घट्ट करायला बघतात, अशा चित्रफिती सर्रास दिसतात. गंधकाम्लाच्या, म्हणजे सल्फ्युरिक आम्लाच्या, वाफा फुफ्फुसात गेल्या तर काय होतं ते त्या चित्रफितीत दिसत नाही. कृपा करून हे कुणीही करू नका. लेबल असलेली छोटी बाटली ओळख दाखवून सरळ मिळाली असती, तर यातली बरीच मंडळी त्या वाटेला गेली नसती असं मला वाटतं.

सगळे निर्बंध मात्र सारखे नाहीत, आणि सगळ्यांनी छंदाचं नुकसान होतं असंही नाही. अमोनियम नायट्रेटचं घ्या. पाण्यात टाकलं की भांडं बर्फासारखं गार पडतं, म्हणून पूर्वी तो प्रयोग मुलांना फार आवडायचा. पण हाच पदार्थ खाणींत सुरुंगाला वापरतात आणि बाँबमध्येही सापडतो. १३ जुलै २०११ ला मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरला स्फोट झाले, त्यांत अमोनियम नायट्रेट होतं. त्याच महिन्यात केंद्र सरकारने, वजनाने ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेलं मिश्रण १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली स्फोटक मानलं जाईल असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, त्याचे वेगळे नियम आले. ते बनवायला, ठेवायला, विकायला परवाना लागतो. हे सगळं बघणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट एका गोदामात फुटलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलं आहे. या पदार्थासाठी माझा जीव अजिबात तुटत नाही. भांडं गार पडलेलं बघायचंय ना? युरिया पाण्यात टाका, तेही चांगलं गार पडतं. नवसागर टाका. उष्णता शोषली जाते हे तत्त्व तेच, धोका कितीतरी कमी.

अमली पदार्थांच्या कच्च्या मालाचंही तसंच. ॲसिटिक ॲनहायड्राइड, एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन, अँथ्रानिलिक आम्ल आणि त्याचा एक भाऊबंद ही रसायनं २०१३ च्या केंद्रीय आदेशानुसार 'अ' अनुसूचीत आहेत. ती बनवायला, विकायला, घ्यायला, वापरायला नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आपण ॲस्पिरिन बनवायचो ते ॲसिटिक ॲनहायड्राइडनेच. हेरॉइन बनवणाऱ्यांनाही तेच लागतं. घरच्या प्रयोगासाठी ते मिळणार नाही, आणि मिळू नये हेच बरं.

स्पिरिटची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. शुद्ध अल्कोहोल घ्यायचं तर कॉलेजलासुद्धा उत्पादन शुल्क खात्याची परवानगी काढावी लागते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं दगावली, ती मिथेनॉलमुळे. घरच्या प्रयोगांना आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. सर्किट बोर्ड साफ करायला ते सगळीकडे मिळतं. पानांतलं हरितद्रव्य त्यात उतरवून गाळणकागदावर रंगांचे पट्टे वेगळे करता येतात.

म्हणजे प्रश्न राहतो तो आम्लांचा. नायट्रिक, सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक. रसायनशास्त्राच्या स्वयंपाकघरातलं हे तेल-मीठ आहे. यांच्याशिवाय धातूंचे बरेचसे क्षार बनत नाहीत, मूलद्रव्यांच्या कितीतरी कसोट्या होत नाहीत. इथेच इतर देशांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे.

युरोपीय संघाने आणि ब्रिटनने रसायनाच्या नावाऐवजी त्याच्या ताकदीवर रेघ ओढली. नायट्रिक आम्ल ३ टक्क्यांपर्यंत, सल्फ्युरिक १५ टक्क्यांपर्यंत, हायड्रोजन पेरॉक्साइड १२ टक्क्यांपर्यंत सामान्य माणसाला घेता येतं. त्यावरचं मर्यादित. पेरॉक्साइडची १२ टक्क्यांची रेघ हवेतून आलेली नाही, केस रंगवायला जे तीव्र पेरॉक्साइड वापरतात ते तितकंच असतं. आपल्या मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते साधारण ६ टक्क्यांचं. तीन टक्क्यांच्या नायट्रिक आम्लात शाळेतले कितीतरी प्रयोग होतात, आणि त्यापासून घातपाताचं काही बनवणं फार अवघड.

रेघेच्या वरचं हवं असेल तर ब्रिटनमध्ये एक दार आहे. सप्टेंबर २०१४ पासून तिथे सामान्य माणूस गृह खात्याकडे परवाना मागू शकतो. कोणतं रसायन, किती, कशासाठी, घरात कुठे आणि कसं ठेवणार, हे लिहून द्यावं लागतं. पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का, तब्येत कशी आहे, तेही. परवाना नसताना असं रसायन जवळ बाळगलं तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास. अर्ज मोठा आहे, वेळ लागतो, आणि परवाना मिळाला तरी विकायला तयार असलेलं दुकान शोधावं लागतं, हे सगळं खरं. तरी त्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'घरी छंद म्हणून रसायनशास्त्र करणारा माणूस' अशी एक जात असू शकते, हे सरकारी कागदाने मान्य केलं आहे. आपल्याकडे त्या माणसाला रकानाच नाही. संस्था आहे, कंपनी आहे, आणि मग थेट संशयित.

रेघ चुकीच्या ठिकाणी ओढली की काय होतं तेही एका ठिकाणी दिसलं. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९८९ मध्ये, अमली पदार्थ बनवणाऱ्यांना आळा म्हणून, काचसामानावरच परवाना लावला. चंबू, शंक्वाकृती फ्लास्क, असली भांडी बाळगायला पोलीस खात्याचा परवाना. तीस वर्षं तो कायदा होता. २०१९ मध्ये तो रद्द झाला. ज्याला गैरकाम करायचं आहे तो लोणच्याच्या बरणीतही करतो. काच त्याची अडचण कधीच नव्हती.

कुणी म्हणेल, घरी प्रयोग करायचेच कशाला, शाळा आहेत ना. शाळांतल्या प्रयोगशाळांची कुलुपं किती वेळा उघडतात ते पालकांनी मुलांना विचारून बघावं. आणि घरच्या टेबलाचं म्हणून एक मोल असतंच. १८५६ मध्ये लंडनच्या विल्यम पर्किनने ईस्टरच्या सुट्टीत घरच्या छोट्या प्रयोगशाळेत क्विनाइन बनवायचा खटाटोप केला. हाती आला काळा गाळ. तो धुताना जांभळा रंग निघाला आणि कृत्रिम रंगांचा सगळा उद्योग तिथून सुरू झाला. पर्किन तेव्हा अठरा वर्षांचा होता. आपल्याकडे प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ मध्ये कलकत्त्यात अप्पर सर्क्युलर रोडवरच्या राहत्या घरात, सातशे रुपयांच्या भांडवलावर औषधं बनवायला सुरुवात केली. खाटकांकडून हाडं आणून गच्चीवर वाळवली आणि त्यांपासून फॉस्फेटचे क्षार काढले. पुढे १९०१ मध्ये त्याच कामाची बेंगाल केमिकल ही कंपनी झाली. त्या गच्चीवरच्या वासाने शेजारी किती वैतागले असतील याची मला पूर्ण कल्पना आहे, आणि तरी ते काम घरातून हलवायला कुणी भाग पाडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

मला हवं आहे ते फार नाही. शुद्ध आम्लं आपल्याकडे पाचशे मिली किंवा अडीच लिटरच्या बाटलीत येतात. तीन मिलीची गरज असलेल्या माणसाने उरलेले चारशे सत्याण्णव मिली घरात कुठे ठेवायचे? तीच आम्लं आधीच विरल केलेली, पन्नास किंवा शंभर मिलीच्या लेबल लावलेल्या बाटलीत, आधार बघून, रजिस्टरमध्ये नोंद करून मिळाली तर कुणाचा चेहरा धोक्यात येत नाही आणि कुणाचा प्रयोगही अडत नाही. विकणाऱ्यालाही पोलिसांपुढे दाखवायला ताकद आणि मात्रा दोन्ही लिहिलेली असेल. न्यायालयाने सांगितलेलं रजिस्टर तसंच राहील, फक्त त्यात आणखी एका प्रकारच्या माणसाचं नाव येईल.

तोवर घरात काय करता येतं, तर पुष्कळ. कृषी सेवा केंद्रात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, मिळतं, कारण द्राक्षबागांना बोर्डो मिश्रण फवारायला ते कळीच्या चुन्याबरोबर लागतं. त्याचा संपृक्त द्रव करून दोऱ्याला एक खडा बांधून पंधरा दिवस न हलवता ठेवला की निळाशार स्फटिक वाढतो. फक्त मोरचूद विषारी आहे, त्याची भांडी स्वयंपाकघरात परत न्यायची नाहीत. किराणा दुकानात तुरटी, टाकणखार, नवसागर, खाण्याचा सोडा, लिंबूफूल सगळं असतं. हळदीचा कागद सोड्याने लाल होतो, जास्वंदीच्या अर्काचा रंग आंबट आणि खाऱ्यात वेगवेगळा पडतो. आमच्या पणज्यांच्या फडताळात जितकी रसायनं होती तितकी आजही नावानिशी मिळतात, त्यांच्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही.

पण पोह्यांचा प्रश्न त्यातल्या कशानेच सुटला नसता.

शेवटी माझी एक जुनी वर्गमैत्रीण उपयोगी पडली. ती एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. प्राचार्यांची परवानगी काढून तिने आम्हाला एका शनिवारी दुपारी लॅबमध्ये बोलावलं. भाचीने राखेच्या दोन पुड्या घरून नेल्या होत्या, एकीवर 'पोहे', दुसरीवर 'तांदूळ', दोन्ही वजन करून सारख्या. मैत्रिणीने फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, एआर ग्रेडची बाटली उघडली. आत पाण्यासारखं स्वच्छ, रंगहीन आम्ल. भाचीने बाटलीवरचं लेबल आधी वाचलं आणि लोहाच्या ओळीवर बोट ठेवून मला दाखवलं.

या वेळी तिने ब्लँक सगळ्यात आधी लावला. थायोसायनेट टाकल्यावरही नळी स्वच्छ राहिली. मग तांदूळ, फिकट गुलाबी. मग पोहे. लाल. तांदळापेक्षा कितीतरी गडद, अगदी मागच्या बाकावरून दिसेल इतकं. आमच्या घरच्या त्या एका पिशवीतल्या पोह्यांपुरतं तरी उत्तर मिळालं. दुसऱ्या दुकानाचे पोहे आणून बघायला हवेत, असं ती तेव्हाच म्हणाली.

निघताना मैत्रिणीने रजिस्टर पुढे केलं. तारीख, नाव, रसायन, किती, कशासाठी. भाचीने वाकून, रेघ न सोडता लिहिलं: हायड्रोक्लोरिक आम्ल, ३ मिली, पोहे आणि तांदूळ यांतील लोह. खाली मी सही केली, कारण ती अजून अठराची नाही.